दंतमूलातील जंतुदोष व त्याचा मानेत होणारा प्रसार

दाताच्या दुखण्याने मनुष्य दगावतो हे विधान आज अनेकांस अतिशयोक्तीचे वाटेल. लंडन शहरातील मृत्यूंच्या ज्या साप्ताहिक याद्या सतराव्या शतकात प्रसिद्ध होत असत, त्यांत मात्र ‘दात’ हे मृत्यूचे एक कारण म्हणून नोंदले जाई. जॉन ग्राँट याने १६६२ साली या याद्यांचे जे विवेचन प्रसिद्ध केले त्यातही ते कारण आढळते. या आकड्यांवर फारसा भार टाकता येत नाही, कारण दात येण्याच्या वयात दगावलेली पुष्कळ तान्ही मुले, मग ती कोणत्याही रोगाने गेलेली असोत, त्याच सदरात घातली जात. तथापि किडलेल्या दाढेपासून गुदमरून येणाऱ्या मृत्यूपर्यंतचा मार्ग हा केवळ इतिहासाचा विषय नव्हे. आजही मोठ्या रुग्णालयांत असे रोगी येतात, आणि बहुधा चारपाच दिवस घरी शेक घेऊन, लवंगेचे तेल लावून व वेदनाशामक गोळ्या खाऊन झाल्यावर येतात. हा मार्ग नेमका कोणता, तो एका रोग्यात हिरडीवरील लहानशा गळवापाशी संपतो आणि दुसऱ्यात छातीपर्यंत का जातो, आणि त्याचे ज्ञान उपचारांचा क्रम कसा ठरविते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दाताची रचना या बाबतीत मोठी विलक्षण आहे. शरीराचे आवरण सर्वत्र अखंड असते. दाताच्या ठिकाणी मात्र एक कठीण ऊतक ते आवरण भेदून बाहेर आलेले असते. त्याचे एक टोक जंतूंनी भरलेल्या मुखात, तर दुसरे हाडाच्या गाभ्यात. कीड आतल्या मगजापर्यंत पोहोचली म्हणजे मगज मृत होतो, आणि मुळातील अरुंद नलिकेतून जंतू मूलाग्राशी उतरतात. तेथे जमलेला पू हाडात फार काळ कोंडून राहत नाही. ज्या बाजूचे हाड पातळ, तिकडे तो वाट काढतो. हाड भेदून बाहेर आल्यावर मात्र त्याची पुढील दिशा हाड ठरवीत नाही; त्या जागी हाडाला कोणता स्नायू कोणत्या पातळीवर चिकटलेला आहे, यावर ती अवलंबून असते. मूलाग्र स्नायूच्या एका बाजूस असले तर पू तोंडात फुटतो, दुसऱ्या बाजूस असले तर तो चेहऱ्याच्या किंवा मानेच्या पोकळ ऊतकांत शिरतो. हे अंतर पुष्कळदा काही मिलिमीटरांचेच असते.

गालाच्या बाजूस हे काम बक्सिनेटर स्नायू करतो. वरच्या दाढांचा पू या स्नायूच्या खाली बाहेर पडला, किंवा खालच्या दाढांचा त्याच्या वर बाहेर पडला, तर हिरडी व गाल यांच्यामधील खळगीत गळू दिसते, ते फुटते, रोग्यास बरे वाटते आणि तो दंतवैद्याकडे जाण्याचे टाळतो. स्नायूच्या पलीकडे पू गेला तर सारा गाल सुजतो. दिसावयास हे रूप भयंकर असते, परंतु त्यापासून जिवास धोका क्वचितच होतो. खरा धोका जबड्याच्या आतल्या बाजूस आहे, आणि तेथे बाहेरून पुष्कळदा फारसे काही दिसतही नाही.

अधोहनूच्या आतल्या पृष्ठभागावर मायलोहायॉइड स्नायूची रेषा तिरकी धावते. हा स्नायू म्हणजे मुखाचा तळ होय. दोन्ही बाजूंचे स्नायू मध्यभागी एकत्र येऊन झोळीसारखा पडदा तयार करतात; पडद्याच्या वर जीभ व जिव्हाधर अवकाश, खाली जबड्याखालचा अवकाश. रेषा पुढच्या बाजूस खाली व मागे वर अशी असल्यामुळे पुढील दात, उपदाढा व बहुधा पहिली दाढ यांची मूलाग्रे तिच्या वर राहतात, तर दुसऱ्या दाढेची व अक्कलदाढेची मूलाग्रे तिच्या खाली जातात. शिवाय मागील दाढांपाशी आतल्या बाजूचे हाड पातळ असते. परिणाम असा की, दुसऱ्या किंवा तिसऱ्या दाढेचा पू आतल्या बाजूस फुटला तर तो तोंडात येत नाही. तो थेट मानेत उतरतो. चिआस्नी याने १९४३ साली खालच्या दाढांची मुळे व ही रेषा यांच्या संबंधाचा शारीरदृष्ट्या अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे सूत्र पाठ्यग्रंथांत रूढ झाले आहे. पडद्याची मागील कड मोकळी असल्यामुळे खालच्या अवकाशातील दोष तिला वळसा घालून वरच्या अवकाशात जातो, आणि मध्यरेषा ओलांडून दुसऱ्या बाजूसही पसरतो. एका दाढेचा दोष अशा रीतीने दोन्ही बाजूंचे जिव्हाधर व जबड्याखालचे अवकाश व्यापतो, तेव्हा त्या विकारास लुडविगचा अंजायना असे म्हणतात.

विल्हेल्म फ्रीडरिख फॉन लुडविग हा जर्मनीतील स्टुटगार्ट येथील वैद्य. १८३६ साली त्याने या विकाराचे जे वर्णन केले ते आजही फारसे बदलावे लागत नाही: जबड्याखाली लाकडासारखी टणक सूज, जिभेखाली तशीच कठीण गादी, घशात मात्र त्या मानाने नगण्य दाह, आणि ग्रंथींऐवजी त्यांच्या भोवतालच्या सैल ऊतकाचा मुख्यत्वे नाश. अंजायना हा शब्द आज हृदयविकाराशी जोडला जातो. त्याचा मूळ लॅटिन धातू आवळणे, गुदमरविणे या अर्थाचा असून, तो अर्थ या विकारास अधिक चपखल लागू पडतो. येथे सुश्रुतसंहितेचे स्मरण होणे साहजिक आहे. निदानस्थानातील मुखरोगांच्या अध्यायात जिव्हारोगांमध्ये ‘अलास’ नावाचा विकार सांगितला आहे. जिभेच्या तळाशी दृढ सूज येते, ती वाढली म्हणजे जीभ ताठरते आणि मुळाशी अतिशय पाक होतो, असे त्याचे लक्षण दिले असून तो असाध्यांत गणला आहे. कंठरोगांतील ‘गलौघ’ हाही अन्नपाणी व श्वास यांची वाट अडविणारा, तीव्र ज्वरासह येणारा मोठा शोथ होय. प्राचीन नावे व अर्वाचीन निदाने यांची घाईने जुळणी करण्यात अर्थ नसतो, आणि या वर्णनांत दाढेचा उल्लेखही नाही. परंतु जिभेखालची कठीण सूज ही घशातील सुजेहून निराळी व अधिक घातक असते, हे निरीक्षण कोणी फार पूर्वी केले होते एवढे यावरून निश्चित दिसते.

हा रोगी मरतो कशाने? रक्तात विष पसरून मरतो, अशी समजूत पूर्वी प्रबळ होती, आणि ती पूर्णपणे चुकीची नाही. परंतु बहुतेक मृत्यू त्यापूर्वीच व निराळ्या कारणाने होतात. मुखाच्या तळाला खालून प्रावरणीचा व बाजूंनी जबड्याच्या हाडाचा आवळ असतो. सूज वाढली की तिला पसरावयास एकच दिशा मोकळी राहते, ती म्हणजे वर व मागे. आणि त्या दिशेस जीभ आहे. जीभ टाळूशी उचलली जाते, घशाच्या मागील भिंतीकडे ढकलली जाते आणि श्वासाची वाट बंद होते. हा मृत्यू यांत्रिक आहे. हे एकदा मान्य केले म्हणजे उपचारांचा क्रमही आपोआप ठरतो: प्रथम श्वास, नंतर शस्त्र, आणि औषध त्यांच्या जोडीला.

या क्रमाचे सर्वांत बोलके प्रमाण दोन लहान वृत्तांतांत सापडते. अमेरिकेतील विल्यम्स याने १९४० साली लुडविगच्या अंजायनाचे ३१ रोगी नोंदविले. त्यांतील मृत्युप्रमाण ५४ टक्के होते. तीनच वर्षांनी त्याने गुरालनिक याच्यासह आणखी २० रोग्यांचा वृत्तांत दिला. त्यात ते प्रमाण १० टक्क्यांवर आले होते. मधल्या तीन वर्षांत पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागले असावे, असा तर्क वाचक प्रथम करील. पण तसे झालेले नव्हते. सल्फा वर्गातील औषधे होती, परंतु ती १९४० पूर्वीही होती. बदलले होते ते धोरण. श्वासमार्ग आधी सुरक्षित करावयाचा आणि पू दिसण्याची वाट न पाहता मानेतील अवकाश लवकर व मोकळेपणाने उघडावयाचे, हे ते धोरण होय. वीस रोग्यांच्या संख्येवरून मोठे सिद्धांत काढू नयेत, हा आक्षेप रास्तच आहे. तरीही पुढील ऐंशी वर्षांच्या अनुभवाने त्या निष्कर्षास बाध आलेला नाही. आज हे प्रमाण साधारणतः दहा टक्क्यांच्या आत असते, आणि जेथे श्वासमार्गाचा निर्णय लांबतो तेथे आजही रोगी दगावतात.

याचा अर्थ प्रतिजैविकांचे महत्त्व नाही असा नव्हे. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात १९५५ साली पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले, आणि एके काळी परदेशातून आणावे लागणारे हे औषध आपल्याकडे सुलभ झाले, ही सामान्य गोष्ट नव्हती. परंतु सुलभतेचा एक परिणाम असा झाला की, औषध हे शस्त्राला पर्याय आहे असे रोग्यास, आणि कधीकधी वैद्यासही, वाटू लागले. ज्या पोकळीत पू साठला आहे तीत रक्तवाहिन्या नसतात. औषध रक्तातून येते. तेथे ते पुरेसे पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी मृत ऊतकाच्या आम्ल वातावरणात व जंतूंच्या दाट गर्दीत त्याचा प्रभाव उणा पडतो. त्यातच हा जंतुसमूह एकजिनसी नसतो. आरंभी स्ट्रेप्टोकॉकस वर्गातील जंतू ऊतकांत पसरतात व तेथील प्राणवायू संपवितात. त्यामुळे प्रिव्होटेला, फ्यूझोबॅक्टेरियम यांसारख्या निर्वात जंतूंना अनुकूल भूमी तयार होते. पहिल्या दोनतीन दिवसांची मऊ सूज, नंतरची कठीण व तांबूस सूज आणि शेवटी मध्यभागी जाणवणारी पुवाची लाट, हा क्रम या पालटाशी बराचसा जुळतो. प्रिव्होटेलाच्या अनेक जाती पेनिसिलिनचे विघटन करणारे द्रव्य निर्माण करतात. यास्तव त्या द्रव्यास रोधणारे औषध किंवा मेट्रोनिडॅझोल यांची जोड द्यावी लागते. मेट्रोनिडॅझोलचा हा गुण मुखरोगाच्या निमित्तानेच उघड झाला, हे दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यास ठाऊक असावे. योनिमार्गाच्या ट्रायकोमोनास संसर्गासाठी ते घेणाऱ्या एका स्त्रीचा हिरड्यांचा तीव्र व्रणमय दाहही बरा झाला, आणि शिन या इंग्रज दंतवैद्याने १९६२ साली त्याची नोंद केली. निर्वात जंतूंवरील एका प्रमुख औषधाचा इतिहास तेथून सुरू होतो.

रोगी समोर आल्यावर सुजेच्या आकाराने भुलून जाऊ नये. फुगलेल्या गालाचा रोगी बाकावर बसून गप्पा मारीत असेल, आणि शेजारचा, मान किंचित पुढे काढून, लाळ रुमालात टिपीत गप्प बसलेला रोगी अधिक संकटात असेल. थुंकी गिळता न येणे, तोंडात गरम घास असल्यासारखा आवाज, उताणे निजता न येणे, जिभेखालची कठीण गादी आणि जीभ ओठांबाहेर काढता न येणे ही लक्षणे श्वासमार्गाकडे बोट दाखवितात. श्वासाची घरघर हे उशिराचे लक्षण आहे. बोटाला लावलेले प्राणवायुमापक यंत्र तर शेवटपर्यंत समाधानकारक आकडा दाखवीत राहते. त्यावर विसंबून राहण्यासारखी चूक नाही. तोंड किती उघडते ते मिलिमीटरांत मोजून लिहून ठेवावे. प्रौढ मनुष्याचे तोंड सामान्यतः चार सेंटिमीटरांच्या आसपास उघडते. ते दोन सेंटिमीटरांच्या खाली आले असेल तर चर्वणस्नायूंच्या किंवा घशाच्या बाजूच्या अवकाशात दोष शिरल्याचा संशय धरावा. आपल्याकडे येथे एक विशेष अडचण आहे. सुपारी व गुटखा यांच्या सेवनाने मुखाचे अस्तर तंतुमय होऊन ज्यांचे तोंड आधीच दीड-दोन बोटे उघडते, असे रोगी भारतात पुष्कळ आहेत. त्यांच्यात या मोजमापाचा अर्थ लावण्यासाठी पूर्वी तोंड किती उघडत होते हे विचारावेच लागते. आणि श्वासनलिकेत नळी घालण्याचे काम त्यांच्यात दुहेरी कठीण होते. मधुमेह्यांत तर वेदना व ज्वर बेताचे असूनही आतील नाश झपाट्याने झालेला असतो, म्हणून रक्तातील साखर पाहिल्यावाचून कोणासही परत धाडू नये.

भूल देण्याचा प्रश्न या विकारात सर्वांत नाजूक ठरतो. नेहमीप्रमाणे रोग्यास निजवून, औषधाने स्नायू शिथिल करून मग नळी घालावयास जावे, तर जो काही श्वास चालू होता तो ज्या स्नायूंच्या बळावर चालू होता तेच सैल पडतात, आणि सुजलेल्या जिभेमागे स्वरयंत्र दिसेनासे होते. यास्तव रोगी जागा व बसलेला ठेवून, नाकातून लवचीक दुर्बिणीच्या साहाय्याने नळी घालणे हा पसंतीचा मार्ग मानतात. ते साधत नसेल तर केवळ जागा बधिर करून श्वासनलिकाछेदन करावे लागते. दोहोंची तयारी एकाच वेळी मांडलेली असावी. संगणकीय क्ष-किरण चित्रणाने दोष कोठवर गेला हे उत्तम कळते, परंतु त्यासाठी रोग्यास उताणे निजवावे लागते; ज्यास निजवत नाही त्यास चित्रासाठी धाडणे म्हणजे निदानाच्या हौसेपायी जीव धोक्यात घालणे होय.

शस्त्रक्रिया दिसावयास साधी असते. जबड्याच्या कडेपासून सुमारे दोन बोटे खाली छेद घेतात, म्हणजे खालच्या ओठास चालविणारी चेहऱ्याच्या मज्जातंतूची शाखा वाचते. मग बोथट चिमट्याने एकेक अवकाश उघडून, मायलोहायॉइड भेदून वरच्या अवकाशापर्यंत जाऊन रबरी नळ्या ठेवतात. लुडविगच्या अंजायनात पुष्कळदा पू निघतच नाही. थोडेसे दुर्गंधी, रक्तमिश्रित पाणी तेवढे येते. नवशिक्या शस्त्रवैद्यास वाटते की छेद व्यर्थ गेला. तो व्यर्थ नसतो. कोंडलेला दाब मोकळा होणे हेच त्या छेदाचे प्रयोजन आहे.

वेळीच दार उघडले नाही तर दोष खाली उतरतो. घशाच्या बाजूचा अवकाश हा येथील चौक म्हणावा. जबड्याखालून, चर्वणस्नायूंकडून व टॉन्सिलकडून येणाऱ्या वाटा तेथे मिळतात, आणि मानेची मोठी रक्तवाहिनी व शीर त्याच्या मागील भागातून जातात. त्या शिरेत जंतुयुक्त गाठ होऊन तिचे कण फुप्फुसात जातात, या विकाराचे वर्णन लमिएर याने १९३६ साली केले. त्याचा उगम बहुधा टॉन्सिलमध्ये असतो, क्वचित दातात. तेथून मागे घशामागचा अवकाश, आणि त्याच्याही मागे, दोन पातळ प्रावरणींच्या मध्ये, कवटीच्या तळापासून मध्यपटलापर्यंत सलग जाणारी एक फट. ग्रोडिन्स्की व होलिओक यांनी १९३८ साली मानेतील प्रावरणींचा जो अभ्यास केला त्यामुळे या फटीचे स्वरूप स्पष्ट झाले, आणि तिला पुढे ‘धोक्याचा अवकाश’ हेच नाव पडले. तिच्यात अडसर नाही. गुरुत्वाकर्षण व श्वासागणिक छातीत निर्माण होणारा ऋण दाब पुवास खाली ओढतात. दात दुखू लागल्यापासून थोड्या दिवसांतच छातीत दुखणे व धाप ही लक्षणे उद्भवली, तर हृदयाभोवतालच्या मध्यावकाशात पू उतरल्याची शंका घ्यावी. तेथे मानेतील छेद पुरत नाही, छातीही उघडावी लागते.

वरच्या जबड्याची गोष्ट निराळी आहे. वरचा दात काढला तर डोळा जातो, अशी एक समजूत आपल्या समाजात दृढ आहे. दात काढण्याने डोळा जात नाही. उलट, दूषित दात न काढण्याने तो जाऊ शकतो. सुळ्याचे मूळ लांब असते. त्याचे अग्र ओठाचा कोपरा उचलणाऱ्या स्नायूच्या वर असले तर पू नाकाच्या बाजूस, डोळ्याखाली साठतो. तेथील शीर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावरून नेत्रकोटरातील शिरांस मिळते आणि त्या कवटीच्या तळावरील कॅव्हर्नस सायनसमध्ये रिकाम्या होतात. वरच्या मागील दाढांचा दोष टेरिगॉइड शिराजाळ्यातून त्याच ठिकाणी पोहोचतो. या शिरांत झडपा नसतात म्हणून रक्त उलटे वाहते, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या शारीर संशोधनात मात्र चेहऱ्याच्या व नेत्राच्या शिरांत झडपा आढळल्या. तेव्हा कारण झडपांचा अभाव हे नसून या शिरांचे परस्परसंधान व रक्तप्रवाहाची दिशा हे होय, असे मानणे अधिक युक्त ठरते. डोळा पुढे येणे, पापणी सुजणे, डोळा बाहेरच्या बाजूस न वळणे ही या विकाराची लक्षणे. बाहेरच्या बाजूस वळविणारा सहावा मज्जातंतू सायनसच्या भिंतीत नसून प्रत्यक्ष पोकळीतून जातो, म्हणून तो आधी दुबळा होतो. एका डोळ्याची लक्षणे दुसऱ्यात उमटली म्हणजे निदानाविषयी फारशी शंका उरत नाही, कारण दोन्ही बाजूंचे सायनस एकमेकांस जोडलेले असतात.

राहता राहिला तो ज्या दातापासून हे सारे घडले त्याचा प्रश्न. सूज उतरल्यावर दात काढू, तोवर गोळ्या घ्या, हा सल्ला अद्याप ऐकू येतो. सुजलेल्या जागी सुई टोचल्याने जंतू पसरतील आणि आम्ल ऊतकात बधिरता नीट येणार नाही, ही त्यामागील दोन कारणे. दुसरे कारण खरे आहे, परंतु सुजेपासून दूर मज्जातंतूच्या मुळाशी बधिर करून किंवा पूर्ण भूल देऊन त्यावर मात करता येते. पहिल्यास अनुभवाचा आधार नाही. दात काढल्याने दोषाचा उगम नाहीसा होतो आणि रिकाम्या खाचेतून पुवास तोंडात उतरण्याची वाटही मिळते. गोळ्यांनी मात्र वेदना दोन दिवस दबते, रोगी कामावर जातो, आणि पडद्याखाली जे चालले आहे ते चालूच राहते. दात वाचविण्यासारखा असेल तर मगजाची पोकळी त्याच दिवशी उघडून मुळातून वाट करून द्यावी. वाचण्यासारखा नसेल आणि तोंड उघडत असेल, तर मानेतील छेद ज्या बैठकीत घेतला त्याच बैठकीत दाढ काढावी. तोंड मुळीच उघडत नसेल तर नळ्या वाहत्या ठेवून, तोंड पुरेसे उघडू लागताच, रोगी घरी जाण्यापूर्वी ती काढलेली असावी. कारण बरे वाटू लागलेला रोगी त्या दाढेसाठी पुन्हा येईल याची शाश्वती नसते.